रॉय ऊर्फ देजार्दँ

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मंगळवार पेठेतून लिहिते आहे. माझा धाकटा मुलगा माँट्रियलला असतो. सून तिकडचीच, फ्रेंच बोलणाऱ्या घरातली. तिचं आडनाव रॉय, त्यामुळं इकडं सगळे तिला बंगाली समजतात. आमच्या भावकीनं कुलवृत्तांत छापायचं ठरवलंय आणि प्रत्येक सुनेच्या माहेरची चार ओळी माहिती त्यात घालायची आहे. सुनेनं तिच्या आजीच्या ट्रंकेतल्या कागदांचे फोटो पाठवले. ते बघून आमच्या थोरल्या दिरांनी कपाळाला हात लावला. तिच्या खापरपणजोबांचं आडनाव एका कागदावर रॉय आणि दुसऱ्यावर देजार्दँ. त्यांच्या घरातल्या तिन्ही भावांचं नाव जोसेफ. आणि पणजीच्या थडग्यावर नवऱ्याचं आडनाव नाही, दुसरंच काहीतरी आहे. दीर म्हणतात, एक तर हे दत्तक प्रकरण आहे, नाहीतर लग्नच झालेलं नसावं. छापायच्या आधी विचार करा. ती दिवाळीत बाळाच्या बारशाला येणार आहे. तिला हे विचारायचं तरी कसं?
— एक सासूबाई, कोल्हापूर

उत्तर : सुनेला यातलं काहीच विचारू नका. दिरांना मात्र हे उत्तर वाचून दाखवा.

तुमच्या सुनेच्या कागदांत झाकून ठेवण्यासारखं काही नाही. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात, जिथं फ्रेंच लोक सतराव्या शतकापासून वस्ती करून आहेत, तिथल्या कुठल्याही जुन्या घराची ट्रंक उघडली तरी असेच कागद निघतील. मी तेहतीस वर्षं मोडी दप्तरं वाचण्यात काढली आणि निवृत्तीनंतर एका मैत्रिणीच्या जावयासाठी हे फ्रेंच कागद शिकून घेतले. पहिल्यांदा मीही तुमच्या दिरांसारखीच अडखळले होते.

आधी ती दोन आडनावं. फोटो मोठा करून पाहा. कुठं तरी ‘रॉय’ आणि ‘देजार्दँ’ यांच्या मधे तीन अक्षरांचा एक बारका शब्द दिसेल. त्याचा उच्चार ‘दी’, बाईचं नाव असेल तर ‘दीत’. अर्थ ‘म्हटला जाणारा’. आपल्या खरेदीखतात आणि कोर्टाच्या कागदात ‘ऊर्फ’ येतं, तेच हे. म्हणजे ते गृहस्थ रॉय ऊर्फ देजार्दँ. एका भटजींनी, म्हणजे तिथल्या पाद्रीबाबांनी, पहिलं नाव लिहिलं, दुसऱ्यांनी दुसरं. माणूस एकच. (रॉयचा फ्रेंच उच्चार ‘र्वा’ असा काहीसा होतो आणि अर्थ आहे राजा. देजार्दँ म्हणजे बागांचा.)

हे ऊर्फ आलं कुठून? मोठा वाटा फौजेचा. क्यूबेक शहर वसलं १६०८ मध्ये, माँट्रियल १६४२ मध्ये, पण वस्ती फार तोकडी होती. १६६५ मध्ये राजा चौदाव्या लुईनं कारिन्याँ-सालिएर नावाची पलटण तिकडं पाठवली. हजार-बाराशे शिपाई. त्यातले चारेकशे परत गेलेच नाहीत, जमीन घेऊन तिथंच राहिले. फ्रेंच पलटणीत शिपायाला एक लढाईचं नाव असायचं. कुणी लाफ्लर म्हणजे फूल, कुणी सांसूसी म्हणजे निश्चिंत, कुणी लालिबर्ते म्हणजे स्वातंत्र्य, कुणी जोलीकर, म्हणजे गोड काळजाचा. शिपाई शेतकरी झाला तरी ते नाव अंगाला चिकटून राहिलं आणि पोरांना वारशानं गेलं. फौजेत नसलेल्यांनाही ऊर्फ मिळालं: कुणाला मूळ गावावरून, कुणाला बापाच्या पहिल्या नावावरून, कुणाला शेतावरून. एकाच गावात एकाच आडनावाची चार घरं झाली की वेगळेपणा दाखवायला काहीतरी लागतंच.

कोल्हापूरच्या माणसाला हे नवं वाटायला नको. हंबीरराव, सर्जेराव, हिंदुराव हे किताब आपल्याकडं घराण्यांना नावासारखे चिकटलेच ना? मुधोळचे घोरपडे मूळचे भोसले म्हणवतात. आणि इचलकरंजीचे घोरपडे तर मूळचे जोशी! नारो महादेव जोशी कापशीकर घोरपड्यांच्या पदरी मोठे झाले आणि त्या निष्ठेपोटी त्यांनी धन्याचं आडनाव आपल्याला लावून घेतलं. उद्या कुणी परदेशी माणूस एका कागदावर जोशी आणि दुसऱ्यावर घोरपडे वाचून काही भलतंसलतं म्हणाला, तर आपल्याला कसं वाटेल?

रॉय ऊर्फ देजार्दँ ही जोडी माझ्या चांगली परिचयाची आहे. आंत्वान रॉय हा फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या झ्वान्यी गावचा. बाप पिंपं करणारा, हाही पिंपं करणारा. दारूची, धान्याची, मिठाची लाकडी पिंपं. कारिन्याँ पलटणीबरोबर तो आला आणि १६६८ मध्ये क्यूबेकला त्याचं लग्न मारी माजोर हिच्याशी झालं. ती नॉर्मंडीतल्या तूक गावची. तिकडं बायका नव्हत्याच, म्हणून राजानं १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत साडेसातशेच्या वर मुली स्वखर्चानं जहाजातून पाठवल्या, बऱ्याच जणींना हुंड्यापोटी रक्कमही दिली. त्यांना ‘राजाच्या लेकी’ म्हणतात. मारी त्यांतली एक. या दोघांचा एकुलता मुलगा प्येर, आणि त्याच्यापासून पसरलेल्या वंशात काहींनी रॉय ठेवलं, काहींनी देजार्दँ, काहींनी दोन्ही. यातलं एक नाव तुमच्या दिरांना सांगा, कारण सहकारातल्या माणसांना ते ठाऊक असेल: आल्फाँस देजार्दँ. १९०० मध्ये लेव्ही गावात त्यांनी लोकांची पतपेढी काढली आणि उत्तर अमेरिकेतल्या सहकारी पतसंस्थांची ती सुरुवात ठरली. त्यांच्या वडिलांचं नाव फ्रांस्वा रॉय ऊर्फ देजार्दँ. आईचं क्लारीस मिव्हिल ऊर्फ देशेन. आणि पतपेढीच्या कामात त्यांच्या खांद्याला खांदा लावणाऱ्या पत्नी दोरिमेन यांचं माहेरचं आडनावही रॉय-देजार्दँ!

मात्र एक सांभाळा. सून याच कुळातली आहे असं एवढ्यावरून छापू नका. क्यूबेकमधले सगळे त्रांब्ले एकाच प्येर त्रांब्लेचे वंशज आहेत. १६५७ मध्ये ओझान आशाँशी लग्न केलेला तो माणूस. पण रॉय तसे नाहीत. निरनिराळ्या गावांहून निरनिराळे रॉय आले. सगळे पाटील जसे एका कुळातले नसतात, तसंच. कागदावरचं ‘ऊर्फ’ म्हणूनच सोन्यासारखं आहे. कुठला रॉय, ते त्यावरूनच कळतं. १९व्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक घरांनी दोनांपैकी एक नाव कायम केलं आणि दुसरं गळालं. सख्ख्या भावांनी वेगवेगळी नावं धरली असंही घडलं. जे अमेरिकेत गिरण्यांमध्ये कामाला गेले, त्यांच्यातले काही रॉय तिथं किंग झाले, लब्लांचे व्हाइट झाले.

तीन जोसेफांचं उत्तर सोपं आहे. १९व्या शतकात तिकडं बाप्तिस्म्याच्या वेळी जवळजवळ प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लावत. मधलं नाव बरेचदा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं. हाकेचं नाव सगळ्यांत शेवटी. तेव्हा कागदावरचं शेवटचं नाव वाचा, तीन भाऊ तीन निघतील. आपल्या पाळण्यातल्या नावाचं आणि शाळेतल्या नावाचं जसं असतं तसंच. पण त्याहून जुन्या पिढ्यांत, १७व्या-१८व्या शतकात, शेवटचं नावसुद्धा तेच दोनदा दिसलं तर दफनाच्या नोंदी पाहा. मूल गेलं की त्याचंच नाव पुढच्या बाळाला ठेवायची त्यांची रीत होती. आपल्याकडं मुलं जगत नसली की दगडू, धोंडू अशी नावं ठेवायचे, काळाची नजर जाऊ नये म्हणून. त्यांनी तेच नाव पुन्हा उराशी धरलं, आपण दगडाचं नाव दिलं. दोन्हीकडं आईचा जीव तेवढाच कातरलेला असणार.

आता पणजी. यावर मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथं झालाय आणि माझं सगळ्यात जास्त मनही इथंच गुंतलंय.

थडग्याच्या फोटोत तिच्या नावाजवळ ‘एपूज द’ असे शब्द आहेत का पाहा. त्याचा अर्थ ‘अमक्याची पत्नी’. लग्न रीतसर झालेलं होतं. फ्रेंच राज्यातल्या चर्चच्या वह्यांमध्ये बाई जन्मते त्या नावानं, लग्न करते त्या नावानं, लेकरांच्या बाप्तिस्म्याला आई म्हणून उभी राहते त्या नावानं आणि पुरली जाते तीही त्याच नावानं. तीन नवरे झाले तरी नाव बापाघरचंच. पुढं फक्त ‘अमक्याची विधवा’ असं येतं. शेजारीपाजारी नवऱ्याच्या आडनावानं हाक मारतही असतील, पण कागदानं तिचं माहेर पुसलं नाही. आणि आज तर क्यूबेकचा कायदाच तसा आहे: २ एप्रिल १९८१ पासून लग्नानंतर नवरा-बायको दोघंही आपापल्या जन्मनावानंच सगळे हक्क बजावतात. तुमच्या सुनेनं आडनाव बदललं नाही हा तिचा हट्ट नव्हे.

आमच्या गावी, कागल तालुक्यात, माझ्या लहानपणी हेळवी यायचे. बैलावर बसून. ओसरीवर घोंगडं अंथरलं जायचं, हेळवी चोपडी उघडून एका सुरात कूळ वाचायचे आणि आजोबा मांडी घालून, डोळे मिटून ऐकायचे. अकरा पिढ्या. एकदा मी मधेच विचारलं, यातल्या बायका कुठल्या? आजोबा नुसते माझ्याकडं बघत राहिले. पुढं नोकरीत असताना मी माझ्या आईच्या आईचं माहेर शोधायला बसले. जमिनीच्या फेरफारात मोडीत एक ओळ मिळाली: मयताची बायको, आणि तिचं सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं जे नाव लिहिलं, ते. त्याच्या आधी ती कोण होती, कुठल्या घरची होती, ते एकाही कागदावर नाही. तिची भावंडं गेली, सांगणारं कुणी उरलं नाही. म्हणून सांगते, १६६८ सालच्या वहीत मारी माजोर, बाप कोण, आई कोण, गाव तूक, असं लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला होता.

आता शोधायचं कसं, ते.

आजपासून मागं जा, आणि लग्नावरून लग्नावर जा. जन्माच्या नोंदीपेक्षा लग्नाची नोंद कामाची, कारण तिच्यात वराचे आई-वडील आणि वधूचे आई-वडील, आयांच्या माहेरच्या आडनावांसकट, लिहिलेले असतात. त्या चार नावांवरून मागचं लग्न सापडतं. अशा आठ-दहा पायऱ्या चढल्या की तुम्ही जहाजातून उतरलेल्या माणसापर्यंत पोहोचता. त्याच्या लग्नाच्या नोंदीत बहुतेक वेळा फ्रान्समधलं गाव, तिथलं चर्च आणि कुठल्या बिशपच्या हद्दीत, हेही असतं. ‘मुक्काम, तर्फ, प्रांत’ असं आपल्या जुन्या कागदात असतं ना, तसं.

सुनेनं माँट्रियलमध्ये बसूनच हे करावं. तिथल्या विद्यापीठानं १९६६ पासून क्यूबेकच्या जुन्या कॅथलिक नोंदी एकत्र जुळवल्यात, १६२१ ते १८४९ पर्यंतच्या. पीआरडीएच असं त्याचं नाव. त्यात ऊर्फ नावंही जोडलेली आहेत, त्यामुळं रॉय शोधलं तरी देजार्दँ हाताला लागतो. १८४९ नंतरच्या विसाव्या शतकापर्यंतच्या नोंदींसाठी द्रुएँ संग्रह पाहायचा, १९४०च्या दशकात फिल्मवर घेतलेला. क्यूबेकच्या सरकारी ग्रंथालय-अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नोटरींची दप्तरं आहेत आणि ती मात्र चुकवू नका. लग्नाआधी नोटरीपुढं करारनामा करायची तिकडं रीत होती; बायकोचं काय, नवऱ्याचं काय, विधवा झाली तर तिला काय मिळेल, सगळं त्यात. आबे तांगे या पाद्रीबाबांनी १८७१ ते १८९० मध्ये सात खंडांचा वंशकोश काढला, त्यात ऊर्फ नावांची यादी आहे. तो बघावा, पण त्यातल्या पुष्कळ चुका पुढच्या लोकांनी दुरुस्त केल्यात, तेव्हा त्यावरच विसंबू नये. आणि पैसे घेऊन फ्रान्सच्या राजघराण्यापर्यंत वंशवेल जोडून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. नोंदीचा फोटो दाखवत नसेल तर ती पिढी धरायची नाही, हा माझा नियम आहे.

स्पेलिंगवरून हटून बसू नये. पाद्री कानाला येईल तसं लिहायचे, आणि फ्रेंचमध्ये शेवटचा ‘ओ’ पाच-सहा तऱ्हांनी लिहिता येतो. माणसाला स्वतःला बरेचदा लिहिता येत नसे. नोंदीच्या शेवटी तसं स्पष्ट म्हटलेलं असतं. झाकारी क्लूतिए नावाचे एक सुतार १६३४ मध्ये आले, ते सहीच्या जागी कुऱ्हाड काढायचे. आपल्या कागदांवर कुणब्याची निशाणी नांगर असते, अगदी तसं! १८०० सालापर्यंत त्यांचा वंश १०,८५० जणांवर गेला होता, असं त्या विद्यापीठानं मोजलंय.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १६४० मध्ये क्यूबेकचं चर्च जळालं, पहिल्या वीस वर्षांच्या वह्या त्यात गेल्या. पाद्रीबाबांनी लोकांना विचारून, त्यांच्या आठवणीवरून त्या पुन्हा लिहिल्या. पुढं वह्या दोन प्रतींत ठेवायची रीत आली, एक चर्चमध्ये, एक न्यायालयात. २०१९च्या पुरानंतर शिरोळकडून माणसं माझ्याकडं चिखलानं चिकटलेले कागद घेऊन आली होती. पानं सुटता सुटत नव्हती. सुनेच्या आजीच्या ट्रंकेतले फोटो तुमच्याकडं आहेत, तेव्हा दुसरी प्रत झालीच म्हणायची. ती मोबाइलवर ठेवू नका, छापून घ्या.

कुलवृत्तांतात दोन्ही आडनावं छापा, मधे ‘ऊर्फ’ घाला. सुनेच्या आईचं आणि आजीचं माहेरचं आडनाव घाला, तिला ते पाठ असेल. बाळाच्या नावापुढं तिकडच्या कायद्यानं आई-बापाच्या आडनावांतली दोन जोडता येतात; तसं केलं असेल तर तसंच छापा. आणि त्याच पुस्तकात तुमच्या सासूबाईंचं, आजेसासूबाईंचं माहेर कुठलं, लग्नाआधीचं नाव काय, हेही येऊ द्या. भावकीतल्या कुणा म्हाताऱ्या आत्याला ते माहीत असेल. तिला आजच फोन लावा.

प्रश्न : बँकेतले माझे जुने सहकारी पाँडिचेरीचे तमिळ. आडनाव मात्र अस्सल फ्रेंच. ते म्हणतात, आमच्यात फ्रेंच रक्त नाही, नाव पणजोबांनी ‘घेतलं’. असं नाव घेता येतं का? आणि त्याचा कागद मिळेल का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : ते बरोबर सांगतात. २१ सप्टेंबर १८८१च्या फर्मानानं पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम आणि चंद्रनगर या फ्रेंच वसाहतींतल्या हिंदी माणसाला जातीधर्माचा वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच दिवाणी कायदा स्वीकारायची मुभा मिळाली. असा त्याग करणाऱ्यांना ‘रनोंसां’ म्हणतात. तमिळ माणसाला आडनाव नसतं, बापाच्या नावाचं अक्षर पुढं लागतं. फ्रेंच कायद्याला मात्र घराण्याचं नाव हवं. म्हणून त्यागाच्या वेळीच एक आडनाव निवडून नोंदवावं लागे, आणि ते बायकोमुलांना लागे. पाँडिचेरीचे वकील पोन्नुतंबी यांनी घेतलेलं नाव लापोर्त, म्हणजे दार. ही चळवळ पुढं नेणाऱ्यांत ते होते. काहींनी फ्रेंच नाव घेतलं, काहींनी आपल्या बापाचं किंवा आज्याचं नावच आडनाव म्हणून कायम केलं.

कागद मिळायची आशा बरीच आहे. फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हाँस इथं वसाहतींचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, त्याच्या संकेतस्थळावर फ्रेंच हिंदुस्थानातल्या जन्म, लग्न, मृत्यूच्या जुन्या वह्या फुकट पाहता येतात. तुमच्या मित्रांनी पणजोबांच्या लग्नापासून किंवा आजोबांच्या जन्मापासून सुरुवात करावी. वहीच्या समासात नंतरच्या काळात केलेल्या बारीक नोंदी असतात, त्या नीट वाचाव्यात. शोध घेताना १८८१च्या आधीच्या वह्यांत नवं आडनाव शोधू नये, तिथं पणजोबा जुन्या तमिळ नावानंच असणार, आणि तेही फ्रेंच कारकुनाच्या कानाला जसं आलं तसं लिहिलेलं. नाव मोठ्यानं वाचून पाहावं. डोळ्यांना ओळखू येत नाही ते पुष्कळदा कानाला येतं.